सुनयनाबाईंचे सव्वाचार तास

सुनयनाबाई पाटकरांनी सव्वीस वर्षांत अख्खा भारत पालथा घातला होता. तरी एखाद्या गावाचं नाव काढलंत तर त्या तिथलं देऊळ किंवा किल्ला सांगणार नाहीत. कन्याकुमारी म्हटलं की म्हणणार, वाऱ्याने शेगडी टिकत नाही. जैसलमेर म्हटलं की, पहाटे कणीक मळताना बोटं आखडतात. आग्र्याला त्या नऊ वेळा गेल्या होत्या आणि ताजमहाल एकदाच पाहिला होता, तोही पाठीमागून, कारण त्या दिवशी चपात्या डब्यांत भरायला जागा मिळाली ती नदीपलीकडे.

याला कारण त्यांचे यजमान. कमळाकररावांची सानपाड्यात टूर कंपनी होती. चांगली नोकरी सोडून त्यांनी ती काढली तेव्हा हौसेने बायकोचंच नाव दिलं. इमारतीखालच्या गाळ्यावर 'सुनयना टूर्स' अशी लाल अक्षरांची दोन फुटी पाटी लागली, आणि आपलं नाव पाटीवर चढलेलं पाहून खूश झालेल्या सुनयनाबाई दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाच्या सामानाकडे बघू लागल्या. आता आपल्या लोकांचं प्रवासाचं गणित तुम्हाला ठाऊक आहेच. काश्मीरला जाऊन आलेला माणूस पहिल्यांदा सांगतो की गुरुवारी पुरणपोळी होती. तेव्हा टूरबरोबर आचारी हवा, आचाऱ्याबरोबर किचनचा टेम्पो हवा, आणि टेम्पोबरोबर डाळीत मीठ पडलं की नाही ते बघणारं घरचं माणूस हवं. जोतीराम नावाचा साताऱ्याकडचा आचारी पंधरा वर्षं होता. घरचं माणूस पहिल्यापासून सुनयनाबाई.

कमळाकररावांची माणसं मोजायची एक ठरलेली पद्धत होती. बसच्या मागच्या बाकापासून सुरुवात करायची, प्रत्येक डोक्यावर बोट रोखत पुढे यायचं, ड्रायव्हरपाशी पोचलं की खणखणीत आवाजात आकडा सांगायचा आणि मगच गाडी हलवायची. या मोजणीतून सव्वीस वर्षांत एकही पर्यटक सुटला नव्हता, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. मोजायचे ते पर्यटकच. स्वयंपाकाची मंडळी टेम्पोतून पुढे जात, त्यांना मोजायचा प्रश्न येत नसे.

सुनयनाबाईंचं आणखी एक काम होतं. गाडी निघायच्या आधी विसरलेल्या वस्तूंची एक फेरी त्या मारत. मोजे, चार्जर, जपमाळ, ओले टॉवेल, औषधांच्या डब्या. लोक घराबाहेर पडले की काय काय विसरतात याची यादी केली तर ग्रंथ होईल.

नोव्हेंबरातल्या मध्य प्रदेशच्या टूरला महेश्वरमध्ये अशीच फेरी चालली होती. जोतीरामला त्या म्हणाल्या, "तू हो पुढे ओंकारेश्वरला, भाजी चिरायला घे. मी आज बसने येते." टेम्पो गेला, आणि चार्जिंगला लावलेला त्यांचा फोनही त्याच्याबरोबर गेला. मग धर्मशाळेच्या खोल्या बघता बघता शेवटच्या मोरीत त्यांना रुमालात गुंडाळलेली एक दातांची कवळी सापडली. ती घेऊन त्या बाहेर आल्या तर अंगणात बस नव्हती. कमळाकररावांनी बत्तीस डोकी मोजली, बत्तीस भरली, टेम्पो गेलेला दिसला म्हणजे बायको टेम्पोत, असं धरून चालले, आणि निघाले.

ओंकारेश्वरला पोचायला दोन तास लागले. जोतीरामला वाटलं, सुनयनाबाई पर्यटकांबरोबर असतील. पंगत मांडली, पानं वाढली, आणि दिनानाथकाका नावाचे पर्यटक घास न घेता तोंड मिटून बसून राहिले. विचारलं तर म्हणाले, माझी कवळी वहिनींकडे असेल, त्या सगळं उचलून ठेवतात. मग वहिनींची शोधाशोध सुरू झाली. पाटकरांची बायको हरवली आहे हे एकाच्या दातांमुळे कळलं. कमळाकरराव टॅक्सी करून उलटे धावले. महेश्वरच्या घाटावर त्यांना ती पायरीवर बसलेली दिसली, तेव्हा मधे सव्वाचार तास गेले होते. ते तिच्याशेजारी बसले आणि चारचौघांसमोर रडले.

"अगं, कुणाचाही फोन मागून घ्यायचास की," ते परत परत म्हणत होते. "मी अर्ध्या रस्त्यातून फिरलो असतो."

"घाबरले होते," सुनयनाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

हे साफ खोटं होतं.

घाबरल्या त्या जेमतेम दहा मिनिटं. नवऱ्याचा नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. गेली सव्वीस वर्षं तो प्रत्येक टोपीवर, प्रत्येक पिशवीवर, पातेल्यांच्या बुडावरसुद्धा रंगवलेला त्या बघत होत्या. समोर एक दुकान होतं, दुकानदाराच्या हातात फोन होता. त्या दुकानापर्यंत गेल्या, आणि तिथे पोचल्यावर काय झालं देव जाणे, त्यांनी फोन न मागता पोहे मागितले. दुसऱ्या कुणीतरी केलेले पोहे. बाकड्यावर बसून सावकाश खाल्ले. मीठ थोडं कमी होतं, आणि ते कुणाला सांगायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. मग त्या घाट उतरून गेल्या. नदीच्या मधोमध एक छोटं देऊळ दिसत होतं. इतक्या वेळा या गावात येऊन त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. नाववाल्याने विचारलं, "कितनी सवारी, माताजी?" आणि त्यांच्या तोंडून निघालं, "एक."

तो शब्द उच्चारताना अंगावर काटा आला, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण हे पुढे. तूर्तास त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

सानपाड्याला परत आल्यावर कमळाकररावांनी प्रायश्चित्त सुरू केलं. आधी महेश्वरी साडी आणली. मग सोसायटीत जो भेटेल त्याला स्वतःहून सांगू लागले की मी बायकोला विसरून आलो, असा माणूस मी. सुनयनाबाई खाली कोथिंबीर आणायला गेल्या तरी दोनदा फोन यायचा. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात त्या वर्षानुवर्षं एकट्या जात, आता हे पिशवी घेऊन मागोमाग. सुनयनाबाईंना माया कळत होती, पण त्या मायेत उभं राहायला जागा उरली नव्हती. आणि रोज दुपारी हात रिकामे झाले की ती नदी डोळ्यांसमोर यायची.

डिसेंबरात एके सकाळी गाळ्यात जानेवारीच्या टूरचं सामान बांधणं चाललं होतं. जोतीराम तिखटाच्या पुड्या करत होता. कमळाकरराव कागद फडकवत आत आले.

"ठरलं," ते म्हणाले. "आपण दोघंच जायचं महेश्वरला. ग्रुप नाही, टेम्पो नाही. तुला हातात झारा धरू देणार नाही. हे बघ, सगळं प्लॅन केलंय. सहाला चहा, साडेसहाला घाट, आठला नाश्ता, नऊला किल्ला."

सुनयनाबाईंनी कागद वाचला. साडेनऊला पाच मिनिटं 'विश्रांती' होती. त्यांना हसू आलं. किती प्रेमाने या माणसाने तो कागद केला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला एकटीला जायचंय."

जोतीरामने पुडी बांधायची थांबवली.

"एकटी म्हणजे?"

"म्हणजे मी. चार दिवस."

कमळाकररावांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली, आणि "ठीक आहे" म्हणून बाहेर गेले. नवरा वादविवाद न करता ठीक आहे म्हणतो तेव्हा काहीच ठीक नसतं, हे सांगायला तीस वर्षांचा संसार लागत नाही. त्यांनी काय अर्थ काढला तो उघड होता. बायकोने अजून माफ केलेलं नाही, तुम्ही मला टाकून गेलात ना, आता मी जाते, असा हिशेब ती पुरा करते आहे. दोन दिवस ते घरात मुकाट्याने वावरले. कुणी बोलावलं की एकदम दचकायचे.

तिसऱ्या दिवशी जोतीराम म्हणाला, "वैनी, काय असंल त्ये बोलून टाका. मालक सकाळपास्नं मिठाच्या बरणीत साखर भरत्यात. म्या गप बसलो, पण हे टूरवर गेलं तर आमटी कशी हुयाची?"

त्या संध्याकाळी सुनयनाबाईंनी नवऱ्याला फिरायला बाहेर काढलं. मोराज सर्कलपर्यंत जाऊन दोघं परतताना बागेतल्या बाकावर बसले. समोर पोरं बॅडमिंटन खेळत होती. खरं सांगितलं तर हा माणूस आणखी दुखावेल आणि नाही सांगितलं तर आयुष्यभर स्वतःला गुन्हेगार मानत राहील. शिवाय खोट्याच्या आधारावर महेश्वरला जायचं तर ते जाणं काय कामाचं?

"तुम्ही मला विसरलात म्हणून मी रागावले नाहीये," त्या म्हणाल्या.

"मी असतो तर रागावलो असतो."

"ऐका तरी. मला तुमचा नंबर पाठ होता."

"हो, मग?"

"समोर दुकान होतं. दुकानदाराकडे फोन होता. मी मागितला नाही."

कमळाकररावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "घाबरली होतीस ना तू."

"नव्हते. सुरुवातीला थोडीशी. मग मी पोहे खाल्ले, नावेत बसले, त्या मधल्या देवळात जाऊन आले. पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले. कुणी मला हाक मारली नाही. कुणाला लिमलेटची गोळी हवी नव्हती. अहो, मला कळेचना की या हातांचं काय करायचं. मग कळलं की काहीच करायचं नाही. तुमची टॅक्सी लांबून दिसली तेव्हा," इथे त्यांचा आवाज फुटला, "तेव्हा मला वाटलं, अजून अर्धा तास उशिरा आले असते तर."

बॅडमिंटनचं फूल बाकाखाली येऊन पडलं. कमळाकररावांनी ते वाकून उचललं, पोरांकडे टाकलं, आणि बराच वेळ हात झटकत राहिले.

"मी त्या टॅक्सीत देवाला काय काय बोललो होतो," ते म्हणाले. "तुला काही झालं असतं तर."

"माहीत आहे. म्हणून तर सांगवत नव्हतं."

"आणि तू सुखात होतीस."

"होते."

"माझ्याबरोबर नसतेस का?"

या प्रश्नाला खोटं उत्तर सोपं होतं आणि ते त्यांना द्यायचं नव्हतं. "असते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुमच्याबरोबर असले की मी तुमच्याकडे बघते. तुम्ही दमलात का, गोळी घेतलीत का, कुणावर चिडलात का. यात तुमची चूक नाही, माझी सवयच ती. मला एकदा चार दिवस समोर बघायचंय."

ते उठले आणि चालू लागले. घरी येईपर्यंत दोन पावलं पुढेच राहिले. जेवले, ताट स्वतः उचललं, आणि लवकर झोपले. सुनयनाबाईंना वाटलं, संपलं. आता जाणं नाहीच, आणि वर हे कायमचं मनात सलणार. आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

सकाळी चहाच्या कपाशेजारी एक कागद होता. तुर्भे नाक्यावरून सुटणाऱ्या इंदूरच्या बसचं तिकीट. खिडकीची सीट, उतरायचं ठिकाण धामनोद, कारण महामार्गावरून महेश्वरला जायला तिथूनच जवळ पडतं. प्रवासी संख्येपुढे एक.

"यादी पण केली होती," कमळाकरराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "काय करायचं, काय नाही. सतरा कलमं झाली. फाडून टाकली. आणि फोनचं टेन्शन घेऊ नकोस. नाही केलास तरी चालेल मला."

ते त्यांना चालणार नव्हतं हे त्यांच्या ताठलेल्या मानेवरून दिसत होतं. सुनयनाबाई उठल्या आणि भर सकाळी, दूधवाला दारात उभा असताना, त्यांनी नवऱ्याला घट्ट मिठी मारली. दूधवाला उगाचच पिशव्या मोजू लागला.

महेश्वरात त्यांनी काय केलं असं विचाराल तर सांगण्यासारखं फारसं नाही, आणि तेच तर खरं सुख होतं. पहिल्या सकाळी चारला जाग आली, कारण सव्वीस वर्षं टूरवर चारला शेगडी पेटत असे. त्या अंधारात उठून बसल्या, आणि कुणालाही चहा द्यायचा नाही हे लक्षात आल्यावर परत आडव्या झाल्या आणि सातपर्यंत झोपल्या. मग चहा मागवला. कमी साखरेचा. टूरवरचा चहा सगळ्यांच्या चवीने गोड असतो, तो पिता पिता आपल्याला मुळात गोड चहा आवडत नाही हे त्या विसरून गेल्या होत्या. अशा बारीकसारीक गोष्टी रोज सापडत गेल्या. त्यांना देवळापेक्षा हातमागाचा आवाज ऐकत बसायला आवडतं. त्यांना चढण आवडते, उतरण नाही. एकदा गल्लीत रस्ता चुकला, तासभर भटकल्या, एका विणकराच्या घरी पाणी प्यायल्या, त्याच्या आईशी मोडक्या हिंदीत सुनांविषयी बोलल्या, आणि आपण चुकल्यामुळे कुणाची बस खोळंबलेली नाही याचा त्यांना केवढा आनंद झाला.

दुसऱ्या दुपारी घाटावर बसलेल्या असताना त्यांना आपली आई आठवली. आई गेली तेव्हा त्या उटीला होत्या, चाळीस माणसांचा नाश्ता करून निघाल्या होत्या आणि रडायचं राहून गेलं होतं. आता रडल्या. शेजारच्या बाईने एकदा पाहिलं आणि आपले कपडे धूत राहिली. काय झालं, पाणी देऊ का, गोळी देऊ का, असं कुणीही विचारलं नाही, त्यामुळे पुरतं रडून झालं.

आणि तिसऱ्या संध्याकाळी नदीवर सूर्य कलला तेव्हा त्या "अहो, बघा" म्हणत शेजारी वळल्या. शेजारी कुणी नव्हतं. फार दिवसांनी त्यांना नवऱ्याची आठवण आली, कारण फार दिवसांत तो नजरेआड गेलाच नव्हता. त्यांनी फोन केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"काही प्रॉब्लेम?" कमळाकरराव म्हणाले.

"नाही. आठवण आली म्हणून केला."

ते खाकरले आणि म्हणाले, "बरं. जेव वेळेवर. म्हणजे तुला वाटेल तेव्हा जेव."

पाचव्या दिवशी सकाळी तुर्भे नाक्यावर ते उभे होते. बस यायच्या तासभर आधीपासून उभे असणार, कारण चहाच्या टपरीवाल्याशी त्यांची ओळख झालेली दिसत होती. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट होता. तिची पिशवी त्यांनी हातातून घेतली आणि मग, काही आठवल्यासारखं करून, परत दिली. सुनयनाबाईंनी ती स्वतःच त्यांच्या खांद्याला अडकवली.

रिक्षात सुनयनाबाईंनी बोलायला सुरुवात केली, त्या घरी पोचल्यावरही थांबल्या नाहीत. नाववाला, त्याला सांगितलेलं ते 'एक', हातमाग, विणकराची आई, आपली आई. कमळाकररावांनी चहा केला. कमी साखरेचा, न सांगता, कारण फोनवर एकदाच चहाचं ओझरतं बोलणं झालं होतं आणि त्यांनी ते धरून ठेवलं होतं. टेबलापलीकडे बसून ते ऐकत राहिले. एरवी ते कुठल्याही गावाचं नाव निघालं की मधे बोलून तिथली माहिती देत. आज एकदाही बोलले नाहीत.

"मी एकवीस वेळा गेलोय महेश्वरला," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "मला तिथलं पार्किंग विचार, नकाशा काढून देतो. ते नदीतलं देऊळ मी पाहिलेलं नाही."

"मग जा की."

त्यांचा चेहरा उजळला. "जाऊया? पुढच्या आठवड्यात?"

"तुम्ही जा," सुनयनाबाई म्हणाल्या. "एकटे."

त्या हे थट्टेने म्हणाल्या होत्या, निदान अर्ध्या थट्टेने. पण कमळाकरराव हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि त्याच्या कानाशी बोट फिरवत राहिले. हजारो माणसांना हिमालय दाखवून सुखरूप घरी आणणारा हा माणूस एकदम लहान दिसू लागला.

"मी कधी एकटा कुठे गेलोच नाही गं," ते म्हणाले. "खरंच नाही. आधी घरचे असायचे, मग ऑफिसची माणसं, मग ग्रुप. पुढे काय करायचं ते सगळ्यांना सांगत राहिलं की स्वतःला काही वाटायला वेळच राहत नाही, आणि मला ते बरं वाटायचं. तू गेलीस तर मला इथे घरात दोन दिवस काय करावं ते सुचेना. तिकडे परक्या गावात," ते थांबले. "मला भीती वाटते, सुनयना. मला जमेल?"

तीस वर्षांत या माणसाने त्यांना असं काही विचारलं नव्हतं. सुनयनाबाईंना त्या क्षणी त्यांच्याविषयी इतकं प्रेम दाटून आलं की चटकन मीही येते म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

"नाही जमलं तर परत यायचं," त्या म्हणाल्या. "मी आहे घरी."